पत्रक छापण्यापूर्वी: छोट्या व्यवसायासाठी हिशेब, मजकूर आणि वाटप

पत्रके छापून घ्यायला निघालेला छोटा व्यावसायिक बहुधा कागदापासून सुरुवात करतो. हजारी दर काय, ग्लॉसी घ्यावा की साधा, फोटो किती बसतील, हे प्रश्न तो छापखान्यात विचारतो आणि छापखानेवाला त्यांची उत्तरे देतो. आपल्या व्यवसायाला पत्रक परवडते का, हा त्याआधीचा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. त्याचे उत्तर अर्ध्या तासात कागदावर मांडता येते आणि ते मांडल्याशिवाय एकही पत्रक छापू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पत्रक चालते किंवा चालत नाही असे सरसकट म्हणणारे दोन्ही पक्ष मला सारखेच अपुरे वाटतात, कारण एकाच गल्लीतल्या दोन दुकानांपैकी एकाला ते चांगला धंदा मिळवून देते आणि दुसऱ्याचे पैसे थेट रद्दीत जातात.

हिशेब कसा मांडावा

पुण्यात कर्वेनगरला घरगुती पोळी-भाजीचा डबा देणाऱ्या एखाद्या केंद्राचे उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. प्रत्येकाने आपल्या गावातले दर घालावेत. समजा, पाच हजार पत्रकांच्या मांडणीला १,००० रुपये, छपाईला ६,५०० रुपये आणि वाटपाला २,५०० रुपये लागले, म्हणजे एकूण खर्च १०,००० रुपये झाला आणि लोकांच्या हातात पडणारे प्रत्येक पत्रक दोन रुपयांना पडले. महिन्याच्या डब्याचे ३,००० रुपये मिळतात असे धरले, तरी त्यातून किराणा, भाजी, गॅस आणि मदतनीस बाईंचा पगार वजा जाता हातात ६०० रुपये उरतात. एक गिऱ्हाईक सरासरी चार महिने टिकत असेल, तर ते एकूण २,४०० रुपये मिळवून देते. अशी पाच गिऱ्हाईके आली की खर्च निघाला, म्हणजे हजार पत्रकांमागे एक गिऱ्हाईक पुरे. शेजारी वसतिगृहे आणि भाड्याच्या खोल्या असलेल्या भागात ही अपेक्षा वाजवी आहे.

आता त्याच रस्त्यावरच्या वडापावच्या गाडीचा हिशेब करून पाहा. एका वड्यामागे पाच रुपये सुटत असतील, तर तोच खर्च भरून यायला दोन हजार जास्तीचे वडापाव विकावे लागतील. नवे गिऱ्हाईक आठवड्याला दोनदा आले आणि सहा महिने येत राहिले, तरी त्याच्याकडून साधारण २६० रुपयेच सुटतात आणि मग जवळजवळ चाळीस नवी, नियमित माणसे लागतात. शिवाय गाडीवर येणारा माणूस रस्त्याने जाताना गर्दी पाहून आणि तळणाचा वास घेऊन थांबतो. घरी वर्तमानपत्रातून पडलेला कागद वाचून तो चपला घालून बाहेर पडत नाही. अशा धंद्याने तेच दहा हजार रुपये ठळक पाटी, चांगला दिवा आणि स्वच्छ काउंटर यांवर खर्च करावेत.

खासगी शिकवणीचे गणित या दोन्हींपेक्षा वेगळे आहे. वर्षाची फी १२,००० रुपये असेल आणि त्यातले ५,००० रुपये हातात राहत असतील, तर केवळ दोन प्रवेशांत सगळा खर्च वसूल होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि जूनमध्ये वर्तमानपत्र उघडताच क्लासची पत्रके मांडीवर पडतात, त्याचे कारण हेच आहे. लातूरसारख्या शिकवण्यांच्या गावात तर ती दारोदार दिसतात. हिशेबात नफा धरायचा, विक्री धरायची नाही, एवढी एक काळजी घ्यावी. अनेक जण महिन्याच्या बिलाची रक्कम खर्चाशी ताडून पाहतात आणि चार गिऱ्हाइकांत पैसे सुटले असे समजतात; प्रत्यक्षात त्या बिलातला मोठा भाग किराणा दुकानदाराकडे आणि गॅस एजन्सीकडे जायचा असतो.

या गणितातून हजारी किती गिऱ्हाईके हवीत हा आकडा हाती येतो. तो एक किंवा दोन असेल तर पत्रक अवश्य करून पाहावे. पाचाच्या पुढे जात असेल तर मी पत्रकाचा सल्ला देत नाही.

हिशेब जमला तरी अंतराचा प्रश्न उरतोच. पत्रकाची ताकद चालत जाण्याच्या किंवा दुचाकीने पाच-दहा मिनिटांत पोहोचण्याच्या टापूत असते. डबा, शिकवणी, पाळणाघर, शिवणकाम, इस्त्री, दवाखान्याजवळची लॅब, वॉटर प्युरिफायरची दुरुस्ती, दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डर या सेवांना ते लागू पडते, कारण त्यांत जवळ असणे हाच मोठा गुण असतो. ज्यांची गिऱ्हाईके सगळ्या जिल्ह्यात विखुरलेली आहेत किंवा ज्यांचा माल इतर कारखाने आणि दुकानेच विकत घेतात, त्यांच्यासाठी दहा हजार घरांत पत्रके टाकणे म्हणजे नऊ हजार नऊशे अनोळखी घरांचा खर्च सोसणे होय.

गूगल मॅपवरची नोंद, व्हॉट्सॲपचे गट आणि इन्स्टाग्राम असताना कागद कशाला, असे अनेक जण विचारतात. त्यांची कामे वेगळी आहेत. ज्याला डबा हवा आहे, तो फोनवर शोधतो आणि तिथे आपले नाव असायलाच हवे. पण ज्याने अजून शोध सुरू केलेला नाही, ज्याला आपल्या मागच्या इमारतीत कोणी डबे करते हे माहीतच नाही, त्याच्यापर्यंत पत्रक पोहोचते. आणि ज्या घरातली मोठी माणसे फोन फक्त बोलण्यासाठी वापरतात, तिथे ते फ्रिजवर चुंबकाखाली महिनोन् महिने राहते. मात्र पत्रक वाचलेला माणूस बहुधा फोन करण्याआधी मॅपवर नाव पाहतो, म्हणून पत्रकाआधी तिथली नोंद, वेळ, चार फोटो आणि खरा पत्ता नीट भरून घ्यावा. ती नोंद विनामूल्य होते, त्यामुळे ती टाळण्याचे कारण नाही.

मजकूर

बहुतेक पत्रके मजकुरात बिघडतात. सर्वांत वर देवाचे नाव, मग दुकानाचे नाव तीन रंगांत, मग ‘आपल्या सेवेत’, ‘एकमेव विश्वसनीय ठिकाण’, ‘एकदा अवश्य भेट द्या’ अशी वाक्ये आणि शेवटी बारीक अक्षरांत फोन नंबर, हा साचा इतका रुळला आहे की वाचणाऱ्याची नजर त्यावरून घसरते. वर्तमानपत्रातून पडलेले पत्रक माणूस उचलून टेबलावर ठेवतो किंवा केराच्या डब्यात टाकतो, तेवढ्याच वेळात त्याला एक गोष्ट समजली पाहिजे: हे माझ्यासाठी आहे का.

म्हणून पहिली ओळ गिऱ्हाइकाच्या गरजेची असावी आणि दुकानाचे नाव तिच्याखाली यावे. आपल्या डबा केंद्राचे पत्रक मी असे लिहीन: ‘कर्वेनगर आणि वारज्यात घरपोच डबा. दोन वेळचा, महिना ३,००० रुपये. तीन पोळ्या, एक सुकी भाजी, एक रसभाजी किंवा उसळ, वरण-भात. सोमवार ते शनिवार. जैन पद्धतीचा डबा सांगितल्यास मिळेल. पहिल्या दिवशीचा डबा चव पाहण्यासाठी, ६० रुपयांत.’ यात स्तुतीचे एकही विशेषण नाही, तरी कोणाला काय, कुठे, कितीला आणि कधी मिळेल हे सगळे आले. किंमत लिहावी की नाही याबद्दल व्यावसायिक घाबरतात. स्पर्धकाला कळेल, गिऱ्हाईक आधीच मागे फिरेल, असे त्यांना वाटते. माझा अनुभव उलट आहे. किंमत लिहिल्यावर फोन कमी येतात, पण येणारे फोन ठरवून आलेले असतात आणि दिवसभर दर सांगत बसण्याचा वेळ वाचतो.

सवलत द्यायची असेल तर ती एकच आणि समजेल अशी असावी. ‘२० टक्क्यांपर्यंत सूट’ यापेक्षा ‘हे पत्रक दाखवल्यास पहिल्या महिन्यात दोन डबे मोफत’ हे चांगले, कारण पत्रक जपून ठेवण्याचे कारण त्यातच आहे. तिला शेवटची तारीख द्यावी आणि ती तारीख पाळावी. अटी असतील तर त्या मुख्य मजकुराजवळ, त्याच भाषेत आणि सहज वाचता येईल अशा अक्षरांत लिहाव्यात. केंद्र सरकारने २०२२ साली काढलेल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही खुलाशाची भाषा आणि अक्षरे मूळ दाव्यासारखीच असावीत असे म्हटले आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत ‘अटी लागू’ छापून गल्लीतल्या गिऱ्हाइकाचा विश्वास मिळत नाही.

पत्त्यात ओळखीची खूण हवी. ‘सर्व्हे नंबर अमुक, प्लॉट नंबर तमुक’ हा नोंदणीचा पत्ता झाला. माणसाला ‘गणपती मंदिरासमोरची गल्ली, मेडिकलच्या वर, पहिला मजला’ असे हवे असते. फोन नंबर एकच छापावा, तो उचलणारा माणूस ठरलेला असावा आणि पत्रके वाटल्या दिवशी तो फोन बंद किंवा व्यग्र असता कामा नये. क्यूआर कोड द्यायचा असेल तर निदान दोन सेंटिमीटर लांबी-रुंदीचा, पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळा आणि चारही बाजूंना मोकळी जागा सोडून छापावा. काही संकेतस्थळांवर फुकट मिळणारे कोड चाचणीची मुदत संपली की चालेनासे होतात, म्हणून थेट व्हॉट्सॲपच्या किंवा मॅपच्या दुव्याचा साधा कोड करून घ्यावा.

मागची बाजू कोरी ठेवली तरी चालते, पण तिथे उपयोगाची गोष्ट छापली तर पत्रकाचे आयुष्य वाढते. फराळाच्या पत्रकामागे चकली, शेव, करंजी, अनारसे यांची यादी आणि किलोचे रकाने असलेली ऑर्डरची जागा. शिकवणीच्या पत्रकामागे परीक्षेचे वेळापत्रक. दुरुस्तीवाल्याच्या पत्रकामागे अग्निशमन, रुग्णवाहिका आणि वीज तक्रारीचे क्रमांक, असे काही असले की बाई तो कागद ओट्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवते.

छापखान्यात

लहान कामाला ए-५ आकार, म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर, सर्वांत सोयीचा. नेहमीच्या ए-४ कागदाचा तो बरोबर निम्मा असतो आणि वर्तमानपत्रात नीट बसतो. जुने छापखाने डेमीच्या, म्हणजे कागदाच्या एका मोठ्या तावाच्या हिशेबाने बोलतात. एक अष्टमांश डेमी हा आकार याच्या जवळपासचा आहे. कागद ७० ते ९० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) मॅपलिथो, म्हणजे साधा, न चकाकणारा घेतला तर त्यावर पेनाने लिहिता येते, ऑर्डरच्या यादीसाठी ते महत्त्वाचे आहे. पदार्थांचे किंवा कपड्यांचे फोटो खुलायला हवे असतील तर १३० जीएसएमच्या आसपासचा चकचकीत आर्ट पेपर चांगला, मात्र तो गुळगुळीत असल्याने वर्तमानपत्रातून निसटतो. लॅमिनेशनचा विचारही करू नये.

दोन-तीनशे प्रती हव्या असतील तर डिजिटल छपाई स्वस्त पडते. हजाराच्या पुढे ऑफसेट, म्हणजे प्लेटवरून मशीनवर होणारी छपाई. ऑफसेटमध्ये प्लेट करणे आणि मशीन लावणे हा खर्च एकदाच असतो, म्हणून दुसरा हजार पहिल्यापेक्षा बराच स्वस्त पडतो आणि इथेच अनेक जण मोहात पडून दोन हजारांची गरज असताना दहा हजार छापून घेतात. उरलेले गठ्ठे मग माळ्यावर पडून राहतात, पुढे दर बदलतात आणि ते कामातून जातात. पहिल्या फेरीला दोन हजार पुरे आहेत. बहुरंगी पत्रके आज एका मोठ्या शीटवर अनेकांची कामे एकत्र लावून छापली जातात, त्यामुळे ती स्वस्त मिळतात. पण त्यात आपल्या रंगाची वेगळी काळजी घेतली जात नाही आणि संगणकाच्या पडद्यावर झळाळणारा केशरी रंग कागदावर थोडा मळकट येतो, हे आधीच जाणून असावे. पांढऱ्या कागदावर गडद एकाच रंगात नीट मांडलेले पत्रक मला घाईने केलेल्या बहुरंगी पत्रकापेक्षा अनेकदा अधिक विश्वासाचे वाटते.

प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, तपासण्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. आपण व्हॉट्सॲपवर पाठवलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे फोन-संगणकांवर सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत असतो, तर अनेक डीटीपी (संगणकावर मजकुराची जुळणी) करणाऱ्यांकडे अजूनही श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट वापरात आहेत. मजकूर एका पद्धतीतून दुसरीत नेताना जोडाक्षरे, रफार आणि वेलांट्या यांची अदलाबदल होते. ‘सर्व’चा रफार शेजारच्या अक्षरावर जातो, ‘पोळ्या’मधला ‘ळ्या’ तुटतो, ‘शुद्ध’मधले जोडाक्षर विस्कटते. डोळ्याला मजकूर पाठ झालेला असल्यामुळे मालकाला या चुका दिसत नाहीत. म्हणून प्रूफ कागदावर काढून घ्यावे आणि ज्याने तो मजकूर पूर्वी पाहिलेला नाही अशा माणसाला मोठ्याने वाचायला द्यावे. फोन नंबर वाचून तपासू नये. प्रूफवर पाहून आपल्या फोनवरून तो डायल करावा. क्यूआर कोडही छापील प्रूफवरूनच दोन वेगवेगळ्या फोनने उघडून पाहावा. तारखेसोबत वार लिहिला असेल तर पंचांगात किंवा दिनदर्शिकेत तो ताडून घ्यावा. हे सगळे झाल्यावरच ‘छापण्यास हरकत नाही’ असे प्रुफावर लिहून सही करावी आणि पीडीएफची एक प्रत स्वतःकडे ठेवावी.

वाटप

छपाईवर जितका विचार होतो त्याच्या निम्माही वाटपावर होत नाही, आणि पत्रकाचे खरे नशीब तर तिथेच ठरते.

वर्तमानपत्रातून पत्रके टाकण्याची पद्धत आजही सर्वांत रूढ आहे. पहाटे चौकातल्या फुटपाथवर किंवा एखाद्या बंद दुकानाच्या पायरीवर विक्रेते अंकांचे गठ्ठे सोडतात, मुख्य अंकात पुरवणी भरतात आणि मग पत्रक सरकवतात. हे काम दिव्याच्या उजेडात, भराभर आणि हातानेच चालते. या हाताच्या वेगाला पत्रक अडथळा होऊ नये. फार पातळ किंवा दमट कागद एकमेकांना चिकटून दोन-दोन जातात, फार मोठा कागद घडी मागतो. म्हणून पत्रके शंभर-शंभरची आडवी-उभी रचून, आदल्या संध्याकाळी विक्रेत्याकडे पोहोचवावीत. त्याच्याकडून आधी लाइनीनुसार, म्हणजे अंक टाकण्याच्या ठरलेल्या मार्गांनुसार आकडे घ्यावेत: कोणत्या सोसायट्या, मराठी अंक किती, इंग्रजी किती. घरगुती डब्यासाठी आणि फराळासाठी मराठी अंक, तर आयटी कंपन्यांजवळच्या भागात काही सेवांसाठी इंग्रजी अंक, असा विचार करता येतो. २०२० च्या टाळेबंदीत अनेक घरांनी वर्तमानपत्र बंद केले आणि ती सगळी घरे परतली नाहीत, त्यामुळे इमारतीत ऐंशी घरे असली तरी अंक किती जातात हे विचारल्याशिवाय संख्या ठरवू नये.

रविवार सगळ्यांना आवडतो, कारण लोक निवांत असतात. पण त्याच दिवशी अंकात पत्रकांची गर्दी असते आणि ती एकगठ्ठा बाजूला काढली जातात. हॉटेल, प्रदर्शन, साड्यांचा सेल यांना रविवार ठीक आहे, कारण बाहेर पडण्याचा तोच दिवस. डबा, शिकवणी, दुरुस्ती यांसाठी मी मंगळवार ते गुरुवारमधला दिवस निवडेन. मोठ्या सणांच्या आणि राष्ट्रीय सुट्ट्यांच्या दुसऱ्या दिवशी अनेक वर्तमानपत्रांचा अंक निघत नाही, ते आधी विक्रेत्याला विचारून घ्यावे.

पत्रके खरोखर पडली का, हे तपासण्याचा साधा मार्ग म्हणजे वेगवेगळ्या लाइनींवर राहणाऱ्या आठ-दहा ओळखीच्या लोकांना त्या दिवशी सकाळी फोन करणे. निम्मे पैसे आधी आणि निम्मे ही चौकशी झाल्यावर द्यायचे, असे आधीच मोकळेपणाने ठरवावे. पण त्याचबरोबर विक्रेत्याचा भाव घासून घासून कमी करू नये. पहाटे उठून हे काम करणारा माणूस आपल्या पत्रकाची कदर करील की नाही, हे आपण त्याच्या कामाची किती कदर करतो यावरही अवलंबून असते.

हातोहात वाटायचे असेल तर जागा आणि वेळ यांचा मेळ हवा. डब्याची पत्रके सदाशिव पेठ, नारायण पेठ भागातल्या अभ्यासिकांबाहेर संध्याकाळी वाटली तर ती नेमक्या माणसांच्या हातात पडतात. सिग्नलवर गाडीवाल्यांना दिली तर पुढच्या चौकात रस्त्यावर पडतात. तालुक्याच्या गावी आठवडे बाजाराचा दिवस उत्तम, कारण आजूबाजूच्या खेड्यांतली माणसे त्याच दिवशी एकत्र येतात. शेतीची अवजारे, मोटार रिवाइंडिंग, चष्म्याचे दुकान यांना तिथे योग्य गिऱ्हाईक मिळते. वाटणारा माणूस प्रौढ असावा, चौदा वर्षांखालील मुलाला हे काम देणे कायद्याने गुन्हा आहे. त्याला दिवसाची ठरलेली मजुरी, पाण्याची बाटली आणि सांगायचे एक वाक्य द्यावे. ‘डबा घरपोच मिळतो, ताई’ एवढे म्हणत दिलेले पत्रक मुकाट्याने पुढे केलेल्या पत्रकापेक्षा जास्त वाचले जाते.

सोसायटीत सुरक्षारक्षकाला चुकवून आत शिरू नये. सचिवांना भेटून परवानगी मागितली तर सूचना फलकावर एक पत्रक लावू देतात आणि दोनशे पेट्यांत टाकलेल्या कागदांपेक्षा त्या एकाचा उपयोग अधिक होतो. शेजारच्या पिठाच्या गिरणीत, इस्त्रीवाल्याकडे, झेरॉक्सच्या दुकानात पन्नास-पन्नास पत्रके ठेवण्याची विनंती करावी आणि त्यांचे कार्ड आपल्याकडे ठेवावे. सध्याच्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत दोन पत्रके घालावीत, एक त्याच्यासाठी आणि एक शेजाऱ्यासाठी. हे सर्वांत स्वस्त वाटप आहे आणि त्यासोबत ओळखीच्या माणसाचा शब्दही जातो.

वेळेचे गणित प्रत्येक धंद्याचे वेगळे. फराळाचे पत्रक दसऱ्याच्या सुमाराला घरात पडावे, कारण तिथून दिवाळीला सुमारे वीस दिवस उरतात. त्याआधी दिले तर विसरले जाते आणि वसुबारसेच्या आठवड्यात दिले तर ऑर्डर दुसरीकडे गेलेल्या असतात. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे एप्रिलमध्ये, एसीच्या सर्व्हिसिंगचे फेब्रुवारीच्या अखेरीस, ब्लाउज शिवणाऱ्या बाईंचे लग्नसराईआधी आणि गौरी-गणपतीच्या महिनाभर आधी. पगारदार वस्तीत महिन्याचा पहिला आठवडा बरा. एकदाच पाच हजार घरांत टाकण्यापेक्षा त्याच सोळाशे घरांत महिन्या-महिन्याच्या अंतराने तीनदा टाकणे मला अधिक पटते; पहिल्या वेळी नाव दिसते, दुसऱ्यांदा ओळखीचे वाटते आणि गरज नेमकी कधी पडेल हे आपल्या हातात नसते.

काय टाळावे

भिंती, विजेचे खांब, बसथांबे आणि विजेच्या डीपीच्या पेट्या यांवर पत्रके चिकटवू नयेत. महाराष्ट्रात १९९५ च्या मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्यानुसार त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि पुरावा म्हणून आपलाच फोन नंबर त्यावर छापलेला असतो. वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी पत्रके वाटून काम मागता येत नाही, सनदी लेखापालांवरही तशी बंधने आहेत. डॉक्टरांना २००२ च्या आचारसंहितेनुसार नवा दवाखाना सुरू करणे, पत्ता बदलणे अशा ठरावीक प्रसंगीच औपचारिक निवेदन देता येते. मधुमेह, कर्करोग, लठ्ठपणा किंवा मुतखडा औषधाने बरा करून देतो, उंची वाढवतो, अशा जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने बंदी आहे. घरगुती काढे आणि चूर्णे विकणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. खाद्यपदार्थवाल्यांनी आपला अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) चौदा अंकी नोंदणी क्रमांक पत्रकावर छापावा, त्याने विश्वास वाढतो. शिकवणीवाल्यांनी विद्यार्थ्यांचे फोटो आणि गुण छापताना लेखी संमती घ्यावी. कोचिंग क्षेत्रासाठी २०२४ साली निघालेल्या मार्गदर्शक सूचनांत, निवड झाल्यानंतर घेतलेल्या संमतीशिवाय यशस्वी विद्यार्थ्यांची नावे आणि फोटो वापरण्यास मनाई आहे.

मोजणी

ज्याची मोजणी नाही त्या पत्रकावर पुन्हा पैसे घालणे हा अंदाजाचा कारभार होतो. मोजणीला संगणक लागत नाही. पत्रकांचे गठ्ठे वाटपाला देण्याआधी प्रत्येक भागाच्या गठ्ठ्याच्या कडेवरून स्केचपेनची एक उभी रेघ ओढावी, कर्वेनगरला लाल, वारज्याला निळी, कोथरूडला हिरवी. गठ्ठा सुटा झाला की प्रत्येक पत्रकाच्या कडेला त्या रंगाचा ठिपका राहतो, वाचणाऱ्याच्या तो लक्षातही येत नाही, पण सवलतीसाठी पत्रक परत आले की ते कोणत्या भागातून आले हे आपल्याला कळते. पत्रक न आणणाऱ्यांसाठी फोन घेताना एक प्रश्न ठरवून घ्यावा: ‘आमच्याबद्दल कुठून कळले?’ फोनजवळच्या वहीत तारीख, नाव, भाग, पत्रक की ओळख, आणि शेवटी गिऱ्हाईक झाले की नाही, एवढे रकाने पुरतात. आठवणीवर अजिबात विसंबू नये, कारण गर्दीच्या दिवसांत सगळे फोन पत्रकामुळेच आले असे वाटते आणि मंदीत एकही आला नाही असे वाटते.

वही निदान सहा आठवडे ठेवावी, कारण पहिल्या दोन दिवसांत फोन करणारे बहुधा केवळ दर विचारणारे असतात आणि फ्रिजवर लावून ठेवणारे नंतर येतात. त्यानंतर प्रत्येक रंगाची गिऱ्हाईके मोजून, सुरुवातीला काढलेल्या हजारी आकड्याशी ताडावीत. एखाद्या भागातून भरपूर फोन आले पण गिऱ्हाईक कोणीच झाले नाही, तर दोष वाटपाचा नसून बहुधा दराचा किंवा फोनवरच्या बोलण्याचा असतो आणि पत्रक बदलून तो सुटत नाही. फोनच आले नाहीत, तर आधी विक्रेत्याकडून त्या लाइनीची खात्री करावी, मग पहिली ओळ बदलावी. दोन्ही गोष्टी एकदम बदलू नयेत, नाहीतर फरक कशाने पडला ते समजत नाही. ज्या भागाने आकडा गाठला तिथे त्याच मजकुराची दुसरी फेरी पुढच्या महिन्यात टाकावी, ज्याने निम्माही गाठला नाही तो भाग सोडून द्यावा, आणि दुसऱ्या फेरीसाठी छापखान्यात जाताना ती वही सोबत न्यावी, म्हणजे किती हजार छापायची हे तिथल्या दरपत्रकावरून ठरवावे लागणार नाही.